हिरव्या वासाची वही: पेरूची पानं, यीस्ट आणि आईचा कुकर

कापलेल्या गवताचा वास घरी बाटलीत धरायचं चौथ्या खेपेला जमलं. नाचावं असं काही नाही, पण कागदाची पट्टी नाकाशी नेल्यावर आई म्हणाली, "आता कुठं गवतागत वास येतोय बघ. आधीचं म्हणजे मेथी करपवल्यासारखं होतं."

आधीच्या तिन्ही खेपांची रीत एकच. बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारातून बांधावरची हरळी आणायची, पाच लिटरच्या कुकरात पाणी घालून उकळायची, शिट्टीच्या जागी बसवलेली तांब्याची नळी बर्फाच्या बादलीतून फिरवून बाटलीत सोडायची. बाटलीत काय पडायचं? उकडलेल्या पालकाचं पाणी. दुसऱ्या खेपेला तर त्यात हिंग आणि वरणसुद्धा, कारण गॅस्केट रोजच्या स्वयंपाकाचं होतं. रबर वास धरून ठेवतं आणि वाफ लागली की परत देतं. आता नवं गॅस्केट फक्त याच कामाला. आईनं ते वेगळ्या पिशवीत घालून वर पेनानं 'गवत' लिहिलंय.

चूक माझ्या समजुतीत होती. वाळ्याच्या मुळात तेल तयार असतं, तासन्‌तास वाफ दिली की ते येतं. मी गवतालाही वाळा समजून बसलो होतो. कापलेल्या गवताचा तो वास पानात साठवलेला नसतोच. पान फाटलं की त्यातलं लिनोलेनिक आम्ल (एक मेदाम्ल) एन्झाइमच्या, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांच्या, हाती लागतं, एक एन्झाइम त्याला ऑक्सिजन जोडतं, दुसरं त्याचे तुकडे करतं आणि सिस-३-हेक्झेनल तयार होतं. विळा फिरल्यावर काही सेकंदांत नाकात शिरतो तो हाच. मी मात्र अख्खी पानं उकळत्या पाण्यात टाकून वास तयार व्हायच्या आधीच एन्झाइम मारत होतो. सोयाबीन न भिजवता थेट गरम पाण्यात दळलं की दुधाला कच्चट वास येत नाही, त्यातलीच गोष्ट. तिथं तो वास नको असतो, इथं तोच हवाय.

दुसरी अडचण, हेक्झेनल टिकत नाही. बघता बघता त्याचं रूप बदलतं. त्याचा अल्कोहोल भाऊ, सिस-३-हेक्झेनॉल, त्या मानानं शांत आणि टिकाऊ. वासाला हेक्झेनलपेक्षा शेकडो पटींनी सौम्य, पण अत्तरवाले आणि फ्लेवरवाले 'लीफ अल्कोहोल' म्हणून वापरतात तो हाच. आणि हेक्झेनलचं हेक्झेनॉल करायला यीस्ट चालतं! पावाचं, दुकानात मिळतं तेच. 'नैसर्गिक' म्हणून विकला जाणारा लीफ अल्कोहोल एक तर पुदिन्याच्या तेलातून वेगळा काढतात, नाही तर याच एन्झाइम-यीस्टच्या वाटेनं करतात. त्यात पेरूचं एन्झाइम नावाजलेलं. पेरू तर परसातच आहे.

तर चौथी खेप. पेरूची कोवळी पानं १०० ग्रॅम, हरळी ३०० ग्रॅम, गार पाणी सव्वा लिटर. मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवलं, भांडं तापू दिलं नाही. झाकण काढलं तेव्हा जो वास आला त्यानं डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं: पहिला पाऊस, ओला बांध, कुणीतरी वैरण कापतंय. दहा मिनिटांनी चमचाभर यीस्ट कोमट साखरपाण्यात फुलवून घातलं, अर्धा तास झाकून ठेवलं. मग कुकर, मंद आच. हेक्झेनॉलचा उकळबिंदू १५६ अंशांच्या आसपास असला तरी वाफेबरोबर तो आधीच निघतो. म्हणून पहिलं १०० मिलि वेगळं धरलं. नंतरचं सगळं पुन्हा पालक, ओतून दिलं.

करणाऱ्यांनी एक करा: नळीच्या तोंडाशी आतून जाळी बसवा. चोथा नळीत अडकला तर कुकर बंद डब्यासारखा फुगेल.

विकतचा लीफ अल्कोहोल पातळ करून १ टक्क्यावर आणून दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या. विकतचा स्वच्छ, धारदार, थोडा काचेसारखा. माझा मळका, मागून पेरूच्या पानाचा मिरीसारखा झणका येतो, तो कॅरिओफिलीन या वासाच्या रेणूचा. शिवारातल्या वासासाठी मला मळकाच आवडला. पण 'नैसर्गिक म्हणून चांगला' हे मी म्हणणार नाही. रेणू दोन्हीकडे तोच, मला आवडली ती त्याच्याभोवतीची गर्दी. शिवाय माझं पाणी फ्रिजमध्येही पाचव्या दिवशी ओल्या पेंढ्यावर गेलं, विकतची बाटली तशीच्या तशी.

मला शेवटी शिवाराच्या वासाचं मिश्रण करायचंय, त्यात गवतानंतर दुसरा सूर बासमतीचा हवाय. आपल्याकडच्या बासमतीचं नुसतं शेत वाऱ्यावर आलं तरी शिजल्या भाताचा भास होतो (शहापूर, वडगावकडं जिथं अजून प्लॉट पडले नाहीत तिथं). तो २-असिटिल-१-पायरोलीनचा वास, अन्नपूर्णा (पंदन) पानातही तोच. भातातला हा रेणू १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला रॉन बटरी आणि सहकाऱ्यांनी ओळखला. १९६९ मध्ये ढबू मिरचीच्या हिरव्या वासाचा रेणू, एक पायराझीन, ओळखणारेही तेच! एकाच नाकाला भात आणि ढबू दोन्ही सापडावेत, म्हणजे माणूस आपल्याकडचाच वाटतो. काम मात्र कॅलिफोर्नियात करायचे.

अन्नपूर्णाची पानं खोबरेल तेलात मंद तापवून बघितली. तेलाला पहिल्या दिवशी छान वास होता, आठवड्यानं काही नाही. हा रेणू हेक्झेनलपेक्षाही लहरी दिसतो.

पुढच्या खेपेला हरळी निम्मी करून जवसाचं तेल थोडं घालणार, त्यात लिनोलेनिक आम्ल निम्म्याहून जास्त असतं. सोबत भिजवून वाटलेलं सोयाबीन, पहिल्या एन्झाइमसाठी. तेलातलं आम्ल सुटं नसतं, त्यामुळं हे सरळ जमेल असं वाटत नाही. कुणी लायपेज (तेलातलं आम्ल सुटं करणारं एन्झाइम) घालून बघितलं असेल तर प्रमाण सांगा. रविवारी कुकर मला मिळणार आहे, पण वरण झाल्यावर.