चाळीसच्या कमानीचे साठ सेंटिमीटर

आयर्लंडमधल्या गेलिक फुटबॉलच्या मैदानाला मी पहिल्यांदा फक्की मारली तेव्हा वाटलं होतं, खो-खोचं मैदान आखणाऱ्याला यात अवघड काय? मैदान मोठं आहे एवढंच. 2025 च्या एप्रिलमध्ये, प्रांतीय स्पर्धेच्या एका रविवारी सकाळी सव्वाअकरा वाजता, एका लाइन्समनने माझ्या कमानीच्या माथ्यापासून 45 च्या रेषेपर्यंत पावलं मोजली आणि काही न बोलता पुन्हा मोजली, तेव्हा उत्तर मिळालं.

आधी मैदान समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. गेलिक फुटबॉलचं मैदान 130 ते 145 मीटर लांब आणि 80 ते 90 मीटर रुंद असतं. आमचं 142 बाय 85. गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे, दोन्हींमध्ये साडेसहा मीटर अंतर, आडवी दांडी अडीच मीटरवर. चेंडू दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे 3 गुण. खांबांच्या मधून दांडीवरून गेला तर 1 गुण. गुणफलकावर 1-18 असं दिसलं तर एक गोल आणि अठरा, एकूण 21. मागच्या रेषेपासून 13, 20, 45 आणि 65 मीटरवर मैदानभर आडव्या रेषा असतात, दोन्ही बाजूंना मिळून आठ. गोलासमोर 14 बाय साडेचारची छोटी चौकट आणि 19 बाय 13 ची मोठी चौकट. मोठ्या चौकटीची पुढची बाजू 13 च्या रेषेवरच पडते, त्यामुळे ती वेगळी आखावी लागत नाही. 20 च्या रेषेच्या मध्यातून 13 मीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ काढलं की जुनं मैदान पूर्ण झालं.

2025 च्या हंगामात जिम गॅव्हिन यांच्या फुटबॉल आढावा समितीने सुचवलेले नियम लागू झाले आणि गोलरेषेच्या मध्यापासून 40 मीटर त्रिज्येची नवी कमान आली. या कमानीवरून किंवा तिच्या बाहेरून मारलेला चेंडू दांडीवरून गेला तर 2 गुण, आणि अंपायर, म्हणजे गोलाच्या खांबापाशी उभा असलेला अधिकारी, पांढऱ्याऐवजी केशरी झेंडा वर करतो. गोलरक्षकाची किकआउटही, म्हणजे खेळ पुन्हा सुरू करताना त्याने मारलेली किकही, या कमानीपलीकडे जायलाच हवी. दोन्ही संघांचे प्रत्येकी तीन खेळाडू मैदानाच्या दोन्ही अर्ध्यांत कायम ठेवायचे हाही नियम त्याच वेळी आला. आमची मधली रेष आधी आखूड होती. तीन खेळाडू कुठल्या बाजूला आहेत हे लांबून दिसावं म्हणून तीही आम्ही या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढली.

दोन कमानींची लांबी मिळून 251 मीटर. पूर्वीच्या सगळ्या रेषा सुमारे 1300 मीटर भरायच्या, म्हणजे काम साधारण पाचव्या हिश्शाने वाढलं. पण काम वाढणं आणि अवघड होणं यात फरक आहे. सरळ रेषेला दोन खुंट्या आणि मध्ये ताणलेली दोरी पुरते. कोपऱ्याचा काटकोन 6-8-10 च्या त्रिकोणाने तपासता येतो. कमानीला मात्र प्रत्येक बिंदू एकाच मध्यबिंदूपासून मोजावा लागतो, आणि तो मध्यबिंदू नेमका दोन खांबांच्या मधोमध!

पहिली अडचण तिथेच येते. टेप मध्याच्या खुंटीला अडकवून फिरवत नेली की मागच्या रेषेजवळ ती गोलाच्या खांबाला टेकते. खांबाला गादी गुंडाळलेली असेल तर शेवटचे जवळपास दोन मीटर टेप सरळ राहतच नाही. ती वळसा घेते आणि त्रिज्या कमी भरते. म्हणून टोकाचे बिंदू टेप फिरवून काढायचे नाहीत. गादी सोडवायची आणि खांबाच्या आतल्या बाजूपासून मागच्या रेषेवर 36.75 मीटर मोजायचे. खांब मध्यापासून सव्वातीन मीटरवर आहे, म्हणून दोन्ही मिळून 40. आमच्या 85 मीटर रुंद मैदानात हा बिंदू कोपऱ्यापासून अडीच मीटर आत येतो. ही गोष्ट मी शनिवारी बरोबर केली होती.

चूक दोरीत झाली.

मैदानाला दोन टोकं. शहराकडचं टोक आमच्या मैदानप्रमुखांनी शुक्रवारी स्टीलच्या टेपने आखलं. टेकडीकडचं मी शनिवारी संध्याकाळी. इथे खेळाडू पगारी नाहीत आणि मैदानावरचे बहुतेक मदतनीसही स्वयंसेवक. शनिवारी तेच लोक आपापल्या क्लबांच्या सामन्यांना गेलेले असतात. एकटा होतो. स्टीलच्या टेपला दुसऱ्या टोकाला माणूस लागतो. म्हणून नायलॉनची दोरी घेतली, 40 मीटरवर गाठ मारली आणि गाठ यंत्राच्या दांड्याला बांधून चालत निघालो. नायलॉन ओढलं की लांबतं. ओल्या गवतातून रंगाचं यंत्र ढकलताना माणूस नकळत बाहेरच्या बाजूला जोर देतो. सुरुवातीला दोरी सैल होती, त्रिज्या 40. माथ्यावर पोचेपर्यंत 40.60. उतरताना पुन्हा कमी. डोळ्यांना कमान अगदी गुळगुळीत दिसत होती, आणि तेच वाईट. खडबडीत चूक लगेच दिसते, सफाईदार चूक मोजल्याशिवाय सापडत नाही.

लाइन्समनने पकडलं ते सोप्या हिशेबाने. कमानीचा माथा 45 च्या रेषेपासून बरोबर 5 मीटर आत हवा. शहराकडे पाच होते, टेकडीकडे 4.40. प्रमुखांनी टेप मागवली आणि 20 च्या रेषेवर तपासलं. कमान त्या रेषेला मध्यापासून 34.64 मीटरवर छेदायला हवी, ती 35.04 वर होती. 13 च्या रेषेवर 37.83 हवं, तिथे चूक दहा-बारा सेंटिमीटरचीच. हे आकडे पायथागोरसचे आहेत, कोणीही वहीत काढून ठेवू शकतं. मी काढून ठेवले नव्हते.

प्रमुख एवढंच म्हणाले, "दोन्ही संघ अर्धा-अर्धा वेळ याच गोलात मारणार, म्हणजे अन्याय सारखाच." पंच हसले नाहीत. खरं तर तो सारखाही नव्हता. दुपारी टेकडीवरून वारा उतरतो आणि मध्यांतरानंतर वाढतो. कमान 60 सेंटिमीटर बाहेर असेल तर ज्याने खऱ्या 40.30 वरून चेंडू मारला त्याचा एक गुण रेषाच खाते. किकआउटलाही तेवढंच जास्त अंतर कापावं लागतं, आणि वाऱ्याविरुद्ध ते गोलरक्षकाला जाणवतं.

एक गुण म्हणजे किती? त्या वसंतातले चार प्रांतांचे अंतिम सामने बघा. कॉनाख्टमध्ये गॉलवेने मेयोला 1-17 विरुद्ध 1-15 ने हरवलं. अल्स्टरमध्ये डनिगॉल आणि आर्मा जादा वेळेत 2-23 आणि 0-28 वर थांबले, म्हणजे 29 आणि 28. दुसऱ्या दिवशी डब्लिनच्या क्रोक पार्कवर लाउथने मीथला 3-14 विरुद्ध 1-18 ने, 23-21 असं हरवून 1957 नंतर पहिल्यांदा लेन्स्टर जिंकलं. फरक बरोबर एका केशरी झेंड्याचा. मन्स्टरमध्ये केरीने क्लेअरविरुद्ध मोठी आघाडी घेतली. तिथे कमान कुठेही असती तरी चाललं असतं.

पावणेबाराला काम सुरू केलं. एक वाजता संघ सरावाला उतरणार, दोनला थ्रो-इन, म्हणजे सामना सुरू. तेवढ्यात दोन कामं: जुनी रेष घालवायची आणि नवी मारायची. पूर्ण 126 मीटर बदलायची गरज नव्हती. चूक रेषेच्या जाडीपेक्षा, म्हणजे 10 सेंटिमीटरपेक्षा, जास्त होती तो मधला सुमारे 95 मीटरचा भाग धरला.

नवीन रेष आधी. जुनी आधी पुसली तर ओल्या गवतावर पाय फिरून रंग पसरतो आणि नव्या रेषेखाली डाग राहतो. स्टीलची टेप, मध्याला एक माणूस, टोकाला एक, आणि खुंट्या ठोकायला तिसरा. खुंट्या पाच-पाच मीटरवर ठोकून मध्ये दोरी ताणायचं एका मदतनिसाने सुचवलं. ते चालत नाही. 40 च्या त्रिज्येवर पाच मीटरच्या जीवेचा मध्य खऱ्या कमानीपासून 8 सेंटिमीटर आत पडतो, आणि कमान पैलू पाडल्यासारखी दिसते. अडीच मीटरवर खुंट्या घेतल्या तर फरक 2 सेंटिमीटरवर येतो, तो यंत्र चालवणारा हाताने सांभाळतो. एकूण 39 खुंट्या ठोकल्या. प्रत्येक वेळी टेप जमिनीला टेकलेली आणि ताण सारखा. मधेच टेप झोळ खात असेल किंवा गवताच्या गुच्छावरून जात असेल तर वाचन चुकतं.

रंग मारायला बारा मिनिटं लागली. वाऱ्यामुळे वीस मिनिटांत सुकला, हे नशीब. चुना वापरत असतो तर वेळ वाचला असता, पण चुन्याने कातडी भाजते आणि खेळाडू त्यावर घसरत पडतात.

पुसायचं काम जास्त कटकटीचं. शनिवारचा रंग गवताच्या पात्यांना चिकटून बसला होता. आधी पाणी आणि ताठ झाडू. त्याने अर्धाही गेला नाही, नुसता राखाडी झाला. मग हाताचं गवतकापणी यंत्र 5 मिलिमीटर खाली उतरवून त्याच पट्टीवरून दोनदा फिरवलं, कारण रंग पात्यांच्या टोकांवर सगळ्यात जाड असतो. त्यावर पाणी घातलेला हिरवा रंग, दोन हात. पहिला हात जाड मारला तर चकाकतो आणि उन्हात जुनी रेष उलट जास्त दिसते. पातळच मारायचा, सुकू द्यायचा, मग दुसरा.

तरीही पंचांना स्पष्ट सांगितलं: पावसाची सर आली की हिरव्याखालून पांढरं डोकावेल. पंचांनी दोन्ही व्यवस्थापकांना बोलावून आतली रेष खरी, बाहेरची बाद, असं दाखवलं. चारही अंपायरना टेकडीकडच्या गोलापाशी नेऊन उभं केलं आणि तिथून कमान कशी दिसते ते बघायला लावलं. गोलापासून चाळीस मीटरवरच्या दोन समांतर रेषा सपाट नजरेला एकच वाटतात. म्हणून शेवटचा निर्णय पंच आणि लाइन्समनकडे ठेवला.

दुसऱ्या अर्ध्यात सर आली. टेकडीकडे पांढुरकी सावली उमटली, जेमतेम चार-पाच मीटर, उजव्या बाजूला. त्याच सुमारास एक हाफ-फॉरवर्ड, म्हणजे आक्रमणातला खेळाडू, चेंडू पायाने हातात उचलत आला आणि त्या दोन रेषांच्या मधल्या पट्टीतूनच डाव्या पायाने मारला. मी चेंडूकडे पाहिलंच नाही, त्याचा टेकवलेला पाय कुठे आहे तेवढंच पाहिलं. लाइन्समनने पंचांकडे बोट दाखवलं, केशरी झेंडा वर गेला, फलकावर दोन वाढले. समोरच्या संघाने तक्रार केली नाही.

सोमवारी नायलॉनची दोरी शेडबाहेर गेली. दोन्ही टोकांना गोलरेषेच्या मध्यावर आणि कमानीवर दर पाच मीटरला जमिनीच्या पातळीखाली प्लॅस्टिकचे प्लग पुरले, त्यांत गवताच्या उंचीचे ब्रशचे झुपके बसवले. प्लगमधली जागा भरताना मधली अडीच मीटरची खूण टेपनेच घ्यायची, असं शेडच्या दारावर लिहिलं. त्याखाली तीन आकडे: 5.00, 34.64, 37.83.