तुम्ही विचारलेत म्हणून: परक्या मुलांना इंग्रजी कशाला शिकवता?

“किनवट-जिंतूरच्या आपल्याच मुलांना धड इंग्रजी येत नाही, मग येमेन-अफगाणिस्तानच्या मुलांसाठी हा खटाटोप कशाला?” हा प्रश्न मला लग्नकार्यातही गाठतो, म्हणून एकदा सविस्तर उत्तर देतो. खटाटोप म्हणजे कॉलेज सुटल्यावरचा आमचा वर्ग; तिथे मी अभ्यासात लिहायला लागणारे इंग्रजी शिकवतो.

छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात येमेनी विद्यार्थी अनेक वर्षांपासून येत आहेत. 2014 मध्ये त्यांच्या देशात युद्ध पेटले आणि शिकायला आलेल्या काहींना परतणे अवघड झाले. अफगाणिस्तानात ऑगस्ट 2021 मध्ये तालिबानची सत्ता आली आणि डिसेंबर 2022 मध्ये मुलींना विद्यापीठाची दारे बंद झाली. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नसल्याने आपल्या कायद्याच्या लेखी हे सारे परदेशी नागरिकच. शिक्षणात मध्येच पडलेला खंड आणि मागे राहिलेल्या गुणपत्रिका मात्र प्रवेशाच्या वेळी आडव्या येतातच.

त्यांना इंग्रजी बोलता येते, हे खरे आहे. औरंगपुऱ्यात भाव करताना त्यांचे कुठे अडत नाही. परंतु जिम कमिन्स या कॅनडातील अभ्यासकाने 1979 मध्ये व्यवहाराची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत जो फरक दाखवला, तो वर्गात रोज दिसतो. नव्या भाषेत शिकू लागलेल्या शाळकरी मुलांना व्यवहाराची भाषा साधारण दोन वर्षांत येते, तर अभ्यासाच्या भाषेत वर्गातल्या इतरांची बरोबरी साधायला पाच ते सात वर्षे लागतात. पदव्युत्तर अभ्यासक्रम मात्र दोनच वर्षांचा असतो.

एका येमेनी विद्यार्थ्याने मोजक्या बोअरवेलच्या पाण्यातील फ्लोराइड तपासून शेवटी ‘धिस प्रूव्ह्ज’ (यावरून सिद्ध होते) असे ठोकून दिले होते. एवढ्या नमुन्यांवर फार तर ‘सजेस्ट्स’ (यावरून असे दिसते) म्हणता येते. हे त्याला पटायला तासभर गेला, कारण ठामपणे न लिहिणे म्हणजे अभ्यास कच्चा असणे, असे त्याला वाटत होते. शेजारी बसलेल्या जिंतूरच्या मुलीलाही नेमके तेच वाटत होते. चुका मात्र वेगळ्या: अरबीत वर्तमानकाळी ‘आहे’ लागत नाही, म्हणून त्याचा ‘इज’ गळतो, आणि ‘द’ नको तिथेही येतो, मराठीत तसे उपपदच नसल्याने तिचा ‘द’ हवा तिथेही येत नाही. आता ते एकमेकांचे मसुदे तपासतात. पुस्तकातला उतारा जसाच्या तसा उतरवणे दोघांनाही आदराचे वाटते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018 च्या नियमांनुसार दहा टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास कारवाई होते, हे सांगितल्यावरच दोघे दचकले.

म्हणजे खटाटोप एकट्या परक्यांसाठी नाही. वर्ग एकच आहे. मराठवाडा निजामाच्या राज्यात असताना, 1918 मध्ये स्थापन झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात घरी मराठी बोलणारी आपली मुले उर्दूतून शिकत होती, आणि संस्थान विलीन झाल्यावर तिथले माध्यम इंग्रजी झाले. परक्या भाषेत विज्ञान किंवा कायदा शिकणे म्हणजे काय, हे आपल्याला बाहेरून कळायला नको होते. तरीही पहिल्या सत्राच्या वेळापत्रकात अभ्यासाच्या भाषेला तास नसतो, आणि निबंध, प्रयोगाचा अहवाल, संदर्भ देण्याची पद्धत हे सारे विद्यार्थ्याला येतेच असे गृहीत धरले जाते. म्हणून आम्ही कॉलेज सुटल्यावर बसतो. तुमच्या घरातले कोणी पहिल्या वर्षाला असेल, तर त्यालाही पाठवा.