शून्याच्या वाटीत केळ्याचा वास

चव घेण्याच्या टेबलावर पहिली वाटी नेहमी साध्या चहाची असते. त्या दिवशी जे स्वाद तपासायचे असतील ते ज्या पत्तीवर चढवलेले आहेत तीच पत्ती, काहीही न लावता, त्याच वजनाने आणि तेवढाच वेळ मुरवून पहिल्या वाटीत गाळायची आणि आजचा शून्य कुठे आहे हे जिभेला दाखवून द्यायचे. आषाढातल्या एका सोमवारी मार्केट यार्डाजवळच्या आमच्या कार्यालयात मी त्या शून्याच्या वाटीवर नाक नेले आणि मला पिकलेल्या केळ्याचा वास आला.

मी चहाची परीक्षक आहे. आमची कंपनी आसामची सीटीसी, म्हणजे यंत्रात चिरडून दाणेदार केलेली पत्ती मागवते, तिचे ब्लेंड करते आणि पुडे भरून किराणा दुकानांना आणि हॉटेलांना पुरवते. लहानपणी बशीतला चहा भुरके मारत प्यायले म्हणून आजीचे बोलणे खाल्ले होते. आज मला पगार मिळतो तो मुख्यतः जोरात भुरका मारण्याचा. चमचाभर चहा हवेसकट ओढला की त्याचा फवारा होऊन वास घशामागून नाकात चढतो, आणि आपण ज्याला चव म्हणतो तिचा फार मोठा भाग हा वासच असतो. मग तो घोट पिकदाणीत जातो. दिवसाला शंभर वाट्या झाल्या तरी पोटात जवळजवळ काहीच जात नाही.

त्या वर्षी विक्री विभागाला दिवाळीच्या भेटीसाठी एक पेटी काढायची होती. पेटीत बारा चहा, आणि प्रत्येक चहा एखाद्या गोडाचा, फळाचा किंवा सणाच्या पदार्थाचा. पुरणपोळी, तिळगूळ, आमरस, मस्तानी, श्रीखंड, बासुंदी, अनारसे, पुरंदरचे अंजीर, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, पुण्याच्या लष्कर भागातल्या बेकऱ्यांची आठवण म्हणून श्रूजबेरी बिस्किट, नाताळचा प्लम केक आणि, कोणाच्या डोक्यातून निघाले ते अजून कळलेले नाही, पण शिकरण. मुंबईच्या एका स्वाद बनवणाऱ्या कंपनीने हे बाराही नमुने पाठवले होते आणि तिचे प्रतिनिधी अकरा वाजता येणार होते. खोके आणि छपाईला लागणारा वेळ धरला तर दिवाळीचा निर्णय आषाढातच घ्यावा लागतो. माझा या प्रकाराला विरोध नव्हता. अर्ल ग्रे म्हणून जो चहा जगभर प्यायला जातो तोही बर्गमॉट नावाच्या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचे तेल लावलेलाच असतो. माझी शंका वेगळी होती. गोडाचा वास आला की जीभ साखरेची वाट पाहते, आणि कोऱ्या चहात तिला तुरटपणा भेटतो. ही फसवणूक किती चालवून घेतली जाईल, हे मला पाहायचे होते.

तर पहिल्या वाटीत केळे. मी सहायक मुलीकडे पाहिले. ती म्हणाली, ‘मॅडम, पत्ती आणि पाणी, दुसरं काही नाही.’ आदल्या दिवशी आषाढी एकादशी होती, म्हणून उपासाची केळी कोणी खोलीत ठेवली आहेत का, हे आम्ही खणाखणांतून शोधले. नव्हती. मग संशय माझ्यावर आला, आणि तो मीच घेतला, कारण परीक्षकाचे नाक हे काही देवाचे दान नव्हे; सर्दीने, झोपेने, आदल्या रात्रीच्या जेवणाने ते बिघडते. मी सहायक मुलीला गोदामातल्या न उघडलेल्या गोणीतून त्याच ब्लेंडची ताजी पत्ती आणायला सांगितले आणि पाठ फिरवून बसले. तिने तीन वाट्या मांडल्या. दोन एका पत्तीच्या आणि एक दुसरीची, आणि वेगळी कोणती ते मी ओळखायचे. आमच्या कामात या पद्धतीला त्रिकोण चाचणी म्हणतात. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता तिनात एक असते. आम्ही चाचणी तीनदा केली आणि तिन्ही वेळा माझे बरोबर आले. असा योग नशिबाने सत्तावीसात एकदाच येतो. नाक ठीक होते, पत्ती बाटली होती.

कारण सापडायला फार वेळ लागला नाही. शनिवारी संध्याकाळी पाऊस वाढला, नमुन्यांच्या खोलीत छताच्या कोपऱ्यातून पाणी ठिबकू लागले, आणि शिपायाने सगळे नमुने भिजू नयेत म्हणून लोखंडी कपाटात एकाच खणात नीट रचून कपाट बंद केले. त्याने केले ते योग्यच केले. शून्याची पत्ती मात्र कागदी पिशवीत होती, आणि तिच्या शेजारी शिकरणाचा नमुना होता, साध्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीत. केळ्याचा वास ज्या पदार्थाने येतो तो म्हणजे आयसोअमाइल अ‍ॅसिटेट. तो झटकन उडतो आणि अशा पातळ प्लास्टिकला जुमानत नाही. मधमाशी डंख मारते तेव्हा इतर माशांना हाक देण्यासाठी जे द्रव्य सोडते त्यातही मुख्यतः हाच पदार्थ असतो, हे मला एका सातारकडच्या मधपाळाने सांगितले होते, म्हणून पोळ्याजवळ केळे खाऊ नये असे तो म्हणे. चहाच्या पत्तीला तर वास धरायला निमित्तच हवे असते. भट्टीतून निघताना तिच्यात जेमतेम ३ टक्के ओलावा उरलेला असतो, आणि त्यानंतर ती आयुष्यभर हवेतला ओलावा आणि त्याबरोबर येईल तो वास शोषत राहते. म्हणूनच घरी चहाचा डबा मसाल्यांच्या डब्यांशेजारी ठेवू नये. चीनमध्ये मोगऱ्याच्या जातीची ताजी फुले रात्रभर पत्तीत मिसळून ठेवतात, सकाळी काढून टाकतात आणि उत्तम मालासाठी हेच अनेक रात्री करतात. तो पत्तीच्या याच खोडीचा सदुपयोग. आमच्या कपाटात दोन रात्रींत तेच घडले होते, फक्त मोगऱ्याच्या जागी शिकरण होते.

अकरा वाजता पाहुणे आले तेव्हा मी बाराच्या बारा नमुन्यांची चव घ्यायला नकार दिला. विक्री विभागाचे प्रमुख म्हणाले, ‘अहो, जरासा वास लागला तर काय बिघडलं? तसेही ते स्वादाचेच चहा आहेत.’ वरवर हे पटण्यासारखे होते. पण श्रीखंडाच्या चहात केळे लागले तर दोष श्रीखंडाचा की कपाटाचा, हे मी कशाच्या आधारावर सांगणार होते? शेवटी पिशव्या पाहून निवाडा केला. सात नमुने अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेल्या पाकिटांत होते, ते घेतले. अंजीर, श्रीखंड, बासुंदी आणि अनारसे पातळ पिशव्यांत होते, ते बाद केले. शिकरण स्वतःच उगम असल्यामुळे त्याला शेवटी बोलवायचे ठरले.

चहा तपासण्याचे एक आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, आयएसओ ३१०३, पहिल्यांदा १९८० मध्ये निघालेले. १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम पत्ती, चिनीमातीचे झाकणाचे भांडे आणि ६ मिनिटे. असा चहा उत्तम लागतोच असे नाही. पुण्यापासून लंडनपर्यंत सगळ्यांचा चहा सारखाच कडक व्हावा, म्हणजे तुलना करता यावी, एवढाच त्याचा हेतू आहे. त्या दिवशी आम्ही प्रत्येक नमुना असा कोरा पाहिला आणि नंतर दूध घालून पाहिला, कारण आपल्याकडे ही पेटी ज्या घरी जाईल तिथे दूध पडणारच.

स्ट्रॉबेरी तिथेच गेली. कोरी असताना तिचा रंग माणकासारखा लाल होता आणि सगळ्यांचे चेहरे खुलले होते. तो रंग स्ट्रॉबेरीचा नव्हता, तो लाल अंबाडीच्या वाळलेल्या बोंडांचा होता, ज्यांना व्यापारात हिबिस्कस म्हणतात आणि जी चिंचेसारखी आंबट असतात. दूध घातल्यावर वाटीत आधी काही झाले नाही, मग कडेने बारीक कण दिसू लागले, आणि मिनिटाभरात राखाडी-गुलाबी पाण्यावर दुधाच्या गुठळ्या तरंगू लागल्या. दुधातले केसिन आंबटपणा ४.६ पीएचच्या आसपास आला की साकळते. पनीर करताना आपण तेच मुद्दाम करतो. स्वाद कंपनीचे प्रतिनिधी म्हणाले, ‘पाकिटावर छापता येईल, दूध घालू नये म्हणून.’ मी म्हटले, छापा, पण पेटी उघडणाऱ्या सासूबाई चष्मा लावून आधी सूचना वाचतील असे धरून चालू नका.

आमरसाच्या चहाला वास भरपूर होता, पण तो हापूसचा नव्हता, शाळेबाहेर मिळणाऱ्या नारिंगी गोळीचा होता. आंब्याच्या वासात गोडाबरोबर सालीजवळचा थोडा राळेसारखा, किंचित टर्पेंटाइनकडे झुकणारा उग्रपणा असतो आणि देठाजवळचा चीकही नाकाला कळतो. तो भाग काढून नुसता मधुर भाग ठेवला की आंब्याची गोळी होते. श्रूजबेरीत लोण्याचा वास इतका होता की गरम वाटीवर तो शिळ्या तुपाकडे जात होता. मस्तानी ठीक होती. व्हॅनिला आसामच्या माल्टसारख्या चवीशी भांडत नाही. तिळगुळाच्या वाटीवर तेलाचा तवंग होता. ताज्या भाजलेल्या तिळाचा वास अप्रतिम होता, पण तीळ हे तेलाचे बी आहे आणि चार महिने पाकिटात राहिल्यावर त्या तेलाला खवट वास येईल, ही भीती मी वहीत लिहून ठेवली.

पुरणपोळी मात्र मी तीनदा मागवली. तिच्यात पुरणाचा तयार स्वाद फारच थोडा होता. पत्तीत भाजलेल्या हरभऱ्याच्या डाळीची भरड, जायफळ, वेलदोडा आणि गुळाचे खडे होते. जपानमध्ये भाजलेले तांदूळ घातलेला गेनमाइचा नावाचा हिरवा चहा पितात, त्यात धान्याची खमंग चव तुरटपणाला खाली बसवते. इथे डाळीने तेच काम केले होते. तो घोट गोड नव्हता, आणि गोडाची वाटही पाहायला लावत नव्हता. तव्यावरून पोळी उतरताना कणकेचा आणि जायफळाचा जो वास स्वयंपाकघराबाहेर येतो, तेवढाच त्यात होता. अडचण गुळाची होती. पावसाळी हवेत खड्यांना पाणी सुटून पत्तीचे गोळे झाले होते, आणि गुळाच्या चहात दूध घालून उकळले की तो फाटतो हे घरोघरी माहीत आहे. गूळ काढा आणि बाकी तसेच ठेवा, असे मी सुचवले. प्रतिनिधींनी, ‘मग पुरणपोळी कशी म्हणायची?’ असे विचारले. म्हटले, वास पोळीचा आहे, गूळ ज्याचा त्याने घालावा.

प्लम केक लवंगेमुळे मुद्दाम उशिरा ठेवला होता. लवंगेतले युजेनॉल जिभेला किंचित बधिर करते आणि नंतरच्या वाट्यांवर अन्याय होतो. तो बरा होता, संत्र्याच्या सालीमुळे विशेष. मग थोडे थांबून, कोमट पाण्याने तोंड धुऊन, शिकरण घेतले. झाकण काढताच सहायक मुलगी मागे सरकली. केळे होते, पण नखांना लावायच्या रंगाची बाटली उघडावी तसे होते. दूध घातल्यावर काही फरक पडला नाही. प्रतिनिधींनी शंभर किलो पत्तीला तीन किलो हे स्वादाचे प्रमाण सांगितले. मी वहीत ‘बाद’ लिहिले, शून्याच्या वाटीपुढे सकाळीच लिहिले होते तसे.

चार वाजता कार्यालयात चहा आला. आमच्याकडे तो मावशी अमृततुल्यासारखा करतात, दूध-पाणी-साखर एकत्र उकळून, आले न घालता. विक्रीप्रमुखांनी अर्धा कप संपवून विचारले, ‘मावशी, आज काय घातलंय? वेलदोडा नाही, पण काहीतरी आहे.’ मावशी म्हणाल्या, ‘काही नाही घातलं साहेब. मॅडमनी टेबलावरून काढून ठेवलेली पिशवी होती, टाकायची कशाला म्हणून तीच वापरली.’

बाटलेला शून्य होता तो. मी कप नाकाशी नेला. केळे होते, पण आहे की नाही असे वाटण्याइतकेच. दूध आणि साखर यांच्यामागून, रविवारी रात्री पोळीबरोबर वाटीत उरलेल्या शिकरणासारखे. स्वाद कंपनीच्या प्रतिनिधींनी घोट घेतला आणि काही बोलले नाहीत, दुसरा कप मागितला. मग त्यांनी विचारले की ही पत्ती शिकरणाशेजारी नेमकी किती तास होती आणि दोन्ही पिशव्यांमध्ये अंतर किती होते. अंतराचे उत्तर फक्त शिपाई देऊ शकत होता आणि त्याने दोन्ही तळहात जवळ आणून दाखवले.

पिशवीत मूठभर पत्ती उरली होती. ती मी अ‍ॅल्युमिनियमच्या पाकिटात घालून, वर ‘शून्य, शनिवार ते सोमवार’ असे लिहून प्रतिनिधींच्या हाती दिली. तिच्यात स्वाद किती शिरला ते त्यांची प्रयोगशाळा मोजणार होती. वहीतला सकाळचा ‘बाद’ मी खोडला नाही, आमच्या वहीत खाडाखोड चालत नाही. त्याच ओळीच्या शेवटी जागा होती, तिथे लिहिले: दुपारी ४, दूध-साखरेसह, पाहुण्यांनी दोनदा मागितला.