एक मिनिट हं, देते

२४ फेब्रुवारी, मंगळवार, रात्री साडेअकरा

शुक्रवारची गोष्ट आहे. चार दिवस झाले तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून टाकते, नाहीतर आजही झोपेचं खोबरं.

दुपारी साडेतीनला अनोळखी नंबरवरून फोन आला. एक मीटिंग संपून दुसरी सुरू व्हायच्या मधली दोन मिनिटं होती. उचलला आणि म्हटलं, "नमस्कार, बोला." एवढंच. तर पलीकडे माय.

"ताई, मी परतवाड्याहून बोलून राहिली जी. माह्या पोरीले फोन देता का जरासा?"

माय मला ताई म्हणाली. माय मला 'देता का' म्हणाली.

खरं तर काय होतं, "अवं माय, मीच आहे" म्हणायचं, दोघींनी हसायचं, विषय संपला. मी काय केलं? मी म्हटलं, "एक मिनिट हं, देते." त्याच आवाजात. आणि फोन कानाला तसाच धरून गप्प बसले. दहा सेकंद तरी नक्की. मायचा श्वास ऐकू येत होता, मागे कुणाच्यातरी कुकरची शिट्टी झाली, मग ती बाजूला कुणालातरी "देऊन राहिली, देऊन राहिली" म्हणाली, ज्यांचा फोन होता त्यांनाच असणार. मग मी, "हा माय, बोल ना."

"आली का वं? कोन होती ते? मोठी गोड बोलते बाई."

"ऑफिसातली आहे एक."

तिचा मोबाईल हौदात पडला ते सांगायला फोन केला होता, आणि डोयाच्या डॉक्टरांनी एप्रिलची तारीख दिली ते. तारीख मी लिहून घेतली. त्याचं नंतर बघू.

का केलं मी ते? घाईत होते असं पहिल्यांदा स्वतःला सांगून बघितलं, पण घाईत माणूस दहा सेकंद नाटक करत बसत नाही, खरं बोलायला दोन सेकंद लागले असते. मग वाटलं लाज वाटली. पण लाज कुणाची? माझ्या क्यूबिकलच्या आसपास तेव्हा कुणी नव्हतं, सगळे चहाला गेले होते. म्हणजे मायची लाज नव्हती, मायसमोर लाज वाटली. तिच्यासमोर पकडली गेले असं काहीतरी. आपण नवीन साडी नेसून आरशासमोर उभं असावं आणि कुणी दार उघडावं. नाही, तसंही नाही. मांडता येत नाहीये नीट.

रात्री ह्यांना सांगितलं तर हसले. म्हणाले भारी किस्सा आहे, सगळ्यांना सांग. सासूबाईंना सांगितलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या ते लिहीतच नाही.

दिवाळीपासून हे थकणं सुरू आहे. झोप होते, जेवण होतं, तरी संध्याकाळी सहाला कुणीतरी अंगातला पिळा काढून वाळत टाकल्यासारखं वाटतं. सगळ्या तपासण्या केल्या, हिमोग्लोबिन १२.३, थायरॉईड नॉर्मल, बी-१२ बरं, डी जरा कमी. डॉक्टर म्हणाले स्ट्रेस कमी करा आणि सकाळी उन्हात चाला. चालले. पाय दुखायला लागले, थकवा होता तिथेच. एक सांगायचं मात्र राहिलं, संध्याकाळी माझा जबडा दुखतो, कानाच्या खाली, दोन्हीकडे. ते काय डॉक्टरांना सांगायचं? की साहेब, मला 'ण' दुखतो?

पण खरंच, 'ण'च असणार तो. कोणाला गंमत वाटेल. जीभ उलटी वळवून वर टाळूला टेकवायची आणि मग सोडायची, हे ज्यांना जन्मापासून येतं त्यांना त्यात काही काम आहे हे कळतच नाही. आमच्याकडे वऱ्हाडात सगळं 'न'वर भागतं. पानी, लोनी, कोन, आनि. 'ळ'चंही तेच, डोये, केयी, सकायी. आणि मी राहायला आले कुठे, तर ज्या शहराच्या नावातच 'ण' आहे तिथे. "कुठे असता?" "पुन्यात." संपलं, पहिल्याच शब्दाला नापास. सतरा वर्षांपूर्वी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहत होते, तिथल्या काकू रोज सकाळी पाण्याच्या तांब्यापाशी उभ्या राहून म्हणायच्या, "पा-णी. जिभेला वळण लाव." मनाने वाईट नव्हत्या, आजारी पडले तेव्हा मऊ भात त्यांनीच दिला. पण तांब्या द्यायच्या शब्द बरोबर आला की मगच.

मी बाथरूममध्ये नळ सोडून प्रॅक्टिस करायचे. बाणेर, चांदणी चौक, ठाणे, कल्याण. रेल्वेची अनाउन्समेंट चालल्यासारखी. आणि पहिल्याच आठवड्यात मंडईत जाऊन विचारलं, "सांबार कसा दिला?" तर त्या भाजीवाल्याने समोरच्या इडलीच्या हॉटेलकडे बोट दाखवलं. कोथिंबीर म्हणतात हे माहीत नव्हतं असं नाही, पुस्तकात वाचलं होतं, पण पुस्तकातल्या गोष्टी खरंच पिशवीत घालून देतात हे लक्षात यायला वेळ लागतो. पुढे 'ण' इतका बसला की नको तिथेही यायला लागला. एकदा स्टेजवर मी "मणापासून आभार" मानले. चाळीस किलोंचे आभार. अजून रात्री आठवलं की उशीत तोंड खुपसते.

मग ती नोकरी, आणि तिथले साहेब, "काम उत्तम आहे तुमचं, फक्त क्लायंटसमोर जरा..." जाऊ दे.

तर सतरा वर्षं हा पहारा चालू आहे. वाक्य तोंडातून निघायच्या आधी आतल्या आत एकदा तपासलं जातं, 'मले' नाही ना, 'काहून' नाही ना, 'करून राहिली' नाही ना, मग बाहेर. दिवसाला किती वाक्यं होत असतील? आणि गंमत म्हणजे ह्या तपासलेल्या मराठीवर माझं नाव झालंय. शुक्रवारी २७ला ऑफिसात मराठी भाषा गौरव दिन आहे, सूत्रसंचालन दरवर्षीप्रमाणे माझ्याकडे, का तर मॅडमची मराठी किती शुद्ध. परवा त्याचंच स्क्रिप्ट लिहीत बसले होते. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आपली भाषा किती जुनी आहे तो सगळा मजकूर टाकायचा, म्हणून रिद्धपूरचा परिच्छेद घेतला. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी तिथे महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणींचं लीळाचरित्र लिहिलं, मराठी गद्याची सुरुवात वगैरे. लिहिता लिहिता थांबले. रिद्धपूर! मोर्शीला मावशीकडे जाताना एसटी थांबायची ते रिद्धपूर. माय खिडकीतून हात जोडायची आणि आम्ही भुईमुगाच्या शेंगांसाठी भांडायचो. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ आमच्या एसटीच्या रस्त्यावर, आणि मी मराठी शिकायला आले इथे. बरं ज्यांच्या तोंडची ती मराठी, ते चक्रधरस्वामी तर मूळचे गुजरातेतले, भडोचचे. त्यांना कुणी तांब्या धरून 'ण' म्हणायला लावलं होतं का कुणास ठाऊक.

पण मला खरं टोचलं ते पुढचं. केशोबास पंडित होते, त्यांना संस्कृतात लिहायचं होतं, तर पंथाचे प्रमुख नागदेवाचार्य त्यांना म्हणाले, नको, त्याने माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील. म्हणजे संस्कृत न येणाऱ्या साध्यासुध्या बायका पंथात होत्या, त्यांचं नुकसान होईल, त्यांना काही उरणार नाही. ही गोष्ट मी गेली तीन वर्षं स्टेजवरून सांगतेय. छान पॉज घेऊन सांगते, टाळ्या येतात. आणि माझी म्हातारी फोनवर "देऊन राहिली, देऊन राहिली" म्हणत दहा सेकंद ताटकळली, मीच समोर असताना.

इथपर्यंत लिहून जरा रडून घेतलं, पाणी प्यायले. (पानी प्यायले.)

आता कालचं सांगते, म्हणजे रडणं किती फुकट होतं ते कळेल. काल ठरवून गेले की आज पहारा उठवायचा. मोबाईलवर ते सारखं येत असतं ना, स्वतःसारखं जगा, मुखवटे उतरवा, मागे समुद्र आणि बासरी. म्हटलं उतरवू. सकाळच्या मीटिंगमध्ये छाती धडधडत होती अक्षरशः. आणि मी म्हटलं, "हे तिकीट अजून पेंडिंग काहून आहे?"

काही झालं नाही. समोरचा म्हणाला, "मॅडम, टेस्टिंगवाल्यांकडून आलं नाहीये." पुढचा मुद्दा. मी सगळ्यांचे चेहरे बघितले, एकाचीही भुवई हलली नाही. अर्धे लोक दुसऱ्याच खिडकीत टाईप करत होते. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, तर मला राग आला! सतरा वर्षं मी ह्या लोकांसाठी जबडा झिजवला आणि हे ऐकतसुद्धा नाहीत?

आणि दुसरं, तो 'काहून' मलाच खोटा वाटला. वेशभूषा स्पर्धेत नऊवारी नेसल्यासारखा. दिवाळीत भाची सगळ्यांसमोर म्हणालीच होती, "आत्या पाह्य कशी मला मला करते." म्हणजे तिथे मी वऱ्हाडी बोलताना अडखळते आणि इथे पुणेरी बोलताना दमते. स्वतःसारखं जगा ठीक आहे हो, पण एका फोनवर दोन बायका बोलून गेल्या, त्यातली स्वतः कोणती? "नमस्कार, बोला" म्हणणारी काही भाड्याने आणलेली नाही. तिच्या पगारावर घराचे हप्ते गेले. ती क्लायंटशी भांडते, बँकेत जाऊन आवाज चढवते, तिचा 'ण' मला, खरं सांगू, आवडतो. कमावलेला आहे. फक्त तिला सुट्टी कधी दिली नाही मी.

साडेबारा झाले. मायला खरं सांगावं का? सांगितलं तर ती हसेल की गप्प बसेल ते कळत नाहीये, आणि गप्प बसली तर.

झोपते.

१ मार्च, रविवार

कार्यक्रम झाला परवा. ठरवलं काहीच नव्हतं, सोमवारच्या त्या 'काहून'सारखं मुद्दाम तर काहीच करायचं नव्हतं. स्क्रिप्ट वाचलं, रिद्धपूरचा परिच्छेद वाचला, म्हाताऱ्यांच्या वाक्याला पॉज घ्यायचा राहिला, घसा कोरडा पडला होता, त्यामुळे माइक तोंडासमोर असतानाच शेजारच्या पोराला म्हटलं, "पानी दे रे जरासं." स्पीकरवरून अख्ख्या कॅफेटेरियात गेलं. त्याने बाटली दिली. मी प्यायले. पुढचा कार्यक्रम भारुड. संध्याकाळी जबडा दुखला की नाही ते आठवत नाही, म्हणजे नसणार दुखला, किंवा चकल्या खाण्यात लक्ष होतं.

आज सकाळी भाचा आला, महाराष्ट्र एक्स्प्रेसने, बडनेऱ्याहून रात्रभर दाराशी बसून. संत्र्यांची पिशवी, मृगबहाराची, सालीला हात लावला की बोटं पिवळी, कुरड्या आणि जवसाच्या चटणीचे दोन डबे. एक मोठा, एक छोटा. छोट्याला चिकटपट्टी लावून भाच्याच्या अक्षरात लिहिलेलं, 'त्या बाईले'.

मायला फोन लावला. नवीन मोबाईल आलाय तिचा, आवाज खणखणीत.

"कोण बाई, माय?"

"अवं ते नाही का, तुह्या ऑफिसातली. फोन देल्ला होता तिनं. मले ताटकयत नाही ठेवलं, लगेच देते म्हने. तिले देजो बरं का, विसरजो नको. घरापासून लांब राहत असन बिचारी."

मी तोंड उघडलं. सांगणार होते, देवाशपथ सांगणार होते.

"देते माय," म्हटलं.

भाचा झोपल्यावर ओट्यापाशी उभी राहून दोन्ही डबे उघडले, भाकरीच्या तुकड्याला दोन्हीतलं लावून बघितलं. मोठा डबा नेहमीचा, कानातून धूर. छोट्यात मायने तिखट कमी टाकलंय, आणि चिमूटभर साखरसुद्धा आहे. पुन्याच्या बाईले झेपलं पाहिजे म्हणून.

मला छोट्यातली जास्त आवडली. आता हे मायला सांगायची काही सोय नाही.