पट्टीवरच्या दोन रेघा

ओपीडीत बाप मोबाइलमधला फोटो पुढे धरून उभा. लघवीच्या पट्टीवर दोन लाल रेघा. "म्हणे सोडला! बघा, दोन आल्या." पोराच्या कानशिलावर वळ.

गांजाच्या पट्टीवर दोन रेघा म्हणजे गांजा सापडला नाही. 'सी'समोरची रेघ पट्टी चालू असल्याची, 'टी'समोरची लघवीत गांजा न सापडल्याची. ती फिकट असली तरी धरायची. फक्त 'सी'चीच उमटली, तर सापडला. गरोदरपणाची आणि करोनाची पट्टी याच्या उलट, आणि लोकांना ठाऊक त्याच. मेडिकलवाल्याने पैसे घेतले, वाचायची कशी ते सांगितलं नाही. बरं, एकच रेघ आली असती तरी पोरगा खोटारडा ठरत नाही. गांजाचा अंश चरबीत साठतो. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत तो सोडल्यावरही महिनाभर सापडू शकतो.

पट्टी आणायची वेळ का आली, ते आणखी वाईट. विशीतला पोरगा, कानात आवाज, शेजाऱ्यांवर संशय. त्यावर रात्री ओलान्झापिनची गोळी, 10 मिलिग्रॅम. गांजा विडीच्या तंबाखूत मिसळून ओढायचा. शिरपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याशी पोलीस गांजाची शेतं उपटतात, तिथे पुडीला तोटा नाही. विडीच्या धुरामुळे लिव्हर हे औषध झपाट्याने संपवतं. निकोटिनचा त्यात संबंध नाही, धुराचा आहे. धूर थांबला की आठवडाभरात तोच डोस अंगावर येतो. पोरगा दहापर्यंत झोपू लागला, जीभ जड झाली. बापाला वाटलं, पुन्हा पुडी. सोडल्याचीच खूण होती ती, आणि तिच्यापायीच मार! 'विडी सोडलीत तर आधी सांगा' एवढं चिठ्ठीवर लिहायला डॉक्टर लोकांना कधी सुचत नाही.

डोस साडेसातवर आला. उरलं घर. आठवड्याला 35 तासांहून जास्त समोरासमोर आणि तोंडात सतत टोमणे, अशा घरांत आजार जास्त उलटतो, हे लंडनच्या 1976 च्या अभ्यासापासून माहीत आहे. इथे तर बाप-लेक एकाच वावरात, एकाच खोलीत. म्हणून गोळी काकूने द्यायची, पोराने गुरांकडे जायचं, बापाने कपाशीत. 'गंजेडी' हा शब्द बंद. तपासणी ओपीडीतच, पोराला विचारून, निकाल आधी त्याला.

"मंग माले कसं समजी?" बापाचा प्रश्न रास्तच आहे.

धूर बंद होऊन महिना उलटला तरी आवाज येतातच. म्हणजे सगळं गांजावर ढकलून भागणार नाही, औषध लांबणार. हे बापाला पोरासमोर सांगावं की आधी काकूच्या कानावर घालावं, ते अजून ठरत नाही.