मातीतली चमकणारी गोम

मृगाच्या सरी कोसळल्या की आगरात नारळाच्या सोडणांच्या ढिगाखालून, गडग्याच्या फटींतून बारीक, लांबलचक, फिकट पिवळट गोमी वर येतात. मातीतल्या पोकळ्यांत पाणी भरून त्यांची श्वासाची छिद्रं बुडतात, म्हणून. न्हाणीत एखादी दिसली की 'घोण, घोण' म्हणत चप्पल उचलली जाते. आधी पाय बघा. आपल्याकडच्या घोणीला, म्हणजे मोठ्या विषारी गोमीला, पायांच्या २१ जोड्या, लांब आणि जाड. मातीतल्या गोमीला कमीत कमी २७, काही जातींत १९१ पर्यंत; पाय आखूड आणि जोड्यांची संख्या नेहमी विषम. डोळे मुळीच नसतात. अंग गांडुळासारखं आखडून-लांबवून ती माती फाकवत पुढे सरकते.

यांतली ऑर्फनियस ब्रेव्हिलॅबिएटस ही जात जरूर बघावी. छेडलं की तिच्या पोटाकडच्या ग्रंथींतून चिकट द्राव सुटतो आणि तो हिरवट उजेड देतो. बॅटरी बंद करून डोळे अंधाराला सरावू द्या, दहा-पंधरा मिनिटं तरी, आणि झाडूच्या हिराने हळूच शिवा. हिराला लागलेला द्रावही काही क्षण चमकतो. बोट लावू नका. मातीतल्या काही गोमींच्या द्रावात हायड्रोजन सायनाइड हे विष असतं. मात्रा किरकोळ, पण तो हात डोळ्याला लागता कामा नये.

झाडांची आळी उकरताना ढेकळात वेटोळं घातलेली गोम सापडली, तर आत अंडी किंवा पांढरी पिल्लं असू शकतात. बहुतेक जातींत आई पाठ पिल्लांकडे आणि पोट बाहेर ठेवते, म्हणजे द्रावाच्या ग्रंथी शत्रूसमोर. घोण नेमकं उलट करते, अंडी पायांत धरते. अशा आईला डिवचलं तर ती अंडी टाकून जाते नाहीतर स्वतःच खाते, आणि उघड्या अंड्यांना बुरशी लागते. ढेकूळ होतं तसंच, अलगद परत ठेवा. पायांच्या सगळ्या जोड्या पिल्लाला जन्मापासूनच असतात; पुढे वाढतं ते फक्त अंग.

निरीक्षणासाठी ठेवायचीच तर कोरडी बाटली नको, अंगातलं पाणी भराभर उडून ती मरते. तिथलीच मूठभर ओलसर माती आणि कुजका पाला घाला, चिखल नको. खायला बारीकसं गांडूळ पुरतं. दुसऱ्या दिवशी, ऊन उतरल्यावर, उचलली त्याच सोडणाखाली सोडा. उघड्यावर सोडली तर मुंग्या गाठतात.