लाल चोपडीतलं एक वर्ष

बडोद्यात आम्हा मराठी माणसांची नवी वर्षं तीन. गुढीपाडव्याला घरचं, एक एप्रिलला हिशेबाचं आणि दिवाळीच्या पाडव्याला गावाचं, म्हणजे बेसतं वरस. मी मांडवीजवळच्या एका कापडाच्या पेढीवर सव्वीस वर्षं हिशेब लिहिते. हिशेब कॉम्प्युटरवर गेले त्याला जमाना झाला, पण चोपडापूजनाला शेठ अजून लाल चोपड्या, म्हणजे हिशेबाच्या वह्या, आणतात. त्यांच्यावर कुंकवाचं स्वस्तिक निघतं, फूल वाहिलं जातं, आणि मग त्या वर्षभर कपाटात कोऱ्याच्या कोऱ्या. २०२४च्या दिवाळीला त्यातली एक मी मागून घेतली. “शाना माटे, बेन?” शेठनी विचारलं. घरच्या हिशेबासाठी, असं सांगून टाकलं.

खरं कारण पुराचं होतं. त्याच वर्षी ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली आणि समा भागातलं आमचं तळमजल्याचं घर गुडघाभर पाण्यात गेलं. मगरी रस्त्यावर आल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले असतील. आमच्या घरात मगर आली नाही, चिखल आला. फ्रिज, दिवाण, तांदळाचा डबा हे सगळं गेलं त्याचं दुःख चारचौघांत सांगता आलं. दिवाणाच्या कप्प्यात एक फाइल होती त्याचं नाही सांगता आलं. शाळेत इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा दिली तेव्हाची आणि कॉलेजातली माझी चित्रं होती तीत. तीस-बत्तीस वर्षांत मी ती उघडलीही नव्हती. उघडली तेव्हा सगळी पानं एकमेकांना चिकटून एक जाड, तपकिरी पापडासारखी वस्तू झाली होती. ती मी गच्चीवर वाळवली, आणि वाळल्यावर कचऱ्याच्या गाडीत टाकली. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की त्या फाइलच्या जिवावर मी इतकी वर्षं स्वतःला ‘चित्रं काढणारी’ समजत होते.

तर २ नोव्हेंबरला, पाडव्याला, चोपडीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ लिहून खाली चार संकल्प लिहिले. बाहेर बसून शंभर रेखाटनं. जलरंगातलं एक मोठं, फ्रेम करण्याजोगं चित्र. सासूबाईंच्या जुन्या बडोद्याच्या आठवणींचे बारा लेख. आणि मोडी लिपी.

मोडीचं आधी सांगून टाकते, कारण ती पंधरा दिवसांत आटोपली. ऑनलाइन वर्ग लावला. आधी ओळभर शिरोरेघ मारून घ्यायची आणि मग तिला अक्षरं लटकवत, हात न उचलता पुढे जायचं, हे मला फार आवडलं. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही हे त्याहून आवडलं. मग शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, घरातली जुनी कागदपत्रं घेऊन बसा. मी घरभर शोधलं. आमच्याकडे मोडीचा एकही कागद नाही. कधी नव्हताच म्हणे. तिथे माझा उत्साह संपला, आणि त्याची मला फारशी खंतही नाही.

शंभर रेखाटनांचा हिशेब सोपा होता, आठवड्याला दोन. पहिल्या रविवारी कमाटीबागेत गेले, सगळे बडोदेकर जातात तशी. वडाची पारंबी काढायला घेतली. दोन मुलं मागे उभी राहिली. त्यातला एक म्हणाला, “साप छे.” मी वही मिटली. आपल्या गावात १९५० सालापासून फाइन आर्ट्सची फॅकल्टी आहे, इंदूरहून आलेल्या बेंद्र्यांसारख्या चित्रकारांनी तिथे पिढ्या घडवल्या आहेत, त्यामुळे इथे उघड्यावर वही घेऊन बसलेला माणूस कुणाला नवा नाही. पण ती पोरं विशीतली असतात. बावन्न वर्षांच्या, पंजाबी ड्रेस घालून बाकावर बसलेल्या बाईच्या वहीत डोकावायचा हक्क जणू साऱ्या जगाला असतो.

जानेवारीअखेर आकडा १९. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांत, बोटं मांज्यानं कापली, ती सबब. मग मार्च. मार्चमध्ये हिशेबनिसाकडून कुणी चित्राची अपेक्षा करू नये. मे उजाडला तेव्हा आकडा ३१ होता आणि असायला हवा होता पन्नासच्या वर. एका रविवारी दुपारी मी पंखा लावून बसले आणि दोन तासांत चौदा चित्रं हाणली. चप्पल, कुकरची शिट्टी, स्विचबोर्ड, ह्यांचा चष्मा, परत चप्पल. चोपडीत क्रमांक टाकले, ३२ ते ४५. मागच्या तारखाही टाकल्या. हो, टाकल्या.

रात्री पानं उलटताना मला ती ओळखीची वाटली. पेढीवर एखाद्या सेल्समनची महिनाभराची खर्चाची व्हाउचर्स येतात ना, तारखा वेगवेगळ्या पण पेन एकच, शाई एकच, हाताचा कलही एकच, तशी. असलं व्हाउचर मी दहा फुटांवरून ओळखते आणि परत पाठवते. आता ते माझ्याच चोपडीत होतं. लाल शाईनं चौदाही नोंदी आडव्या मारल्या. ह्यांनी विचारलं, “काय झालं गं?” म्हटलं, ऑडिट.

जूनपासून क्रमांक टाकणं बंद केलं, नुसती तारीख. आणि नवनवी ठिकाणं शोधणंही बंद. पेढी साडेनऊला उघडते. मी पावणेनऊला पोचून वीस मिनिटं मांडवीच काढणार, एवढंच ठरवलं. एकाच जागेवरून, लहेरीपुऱ्याच्या बाजूच्या एका बंद दुकानाच्या ओट्यावरून.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: मांडवी म्हणजे जुन्या शहराच्या मधोमध उभा चौकोनी मंडप, चारही बाजूंना तीन-तीन कमानी, आणि वर नंतर चढवलेले मजले. लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चार दरवाज्यांकडून येणारे रस्ते तिच्यापाशी मिळतात. मी सव्वीस वर्षं तिच्याखालून जाते आहे. पहिल्या दिवशी काढायला बसले तेव्हा वर किती मजले आहेत ते मला मान वर करून मोजावं लागलं.

पहिल्या आठ-दहा चित्रांत कमानी म्हणजे पापडाचे तुकडे. डावी फुगलेली, मधली कलंडलेली. हात लांब करायचा, एक डोळा मिटायचा, पेन्सिलीवर अंगठा सरकवून उंचीला रुंदीचं माप लावायचं, हे शाळेत शिकलेलं आठवलं. त्यानं खांब सरळ झाले, कमानी नाही झाल्या. रोज कमानीची रेघ बघून रेघ काढायची आणि रोज ती चुकायची.

जूनच्या अखेरीस एका सकाळी पावसानं उघडीप दिली होती. मी पश्चिमेला बसते, ऊन पाणीगेटकडून, म्हणजे समोरून येतं. त्या दिवशी मांडवी पूर्ण काळी दिसत होती आणि तिच्या पोटातून पलीकडचा ओला रस्ता लख्ख चमकत होता. तीन पांढरे आकार, बस्स. मधल्या आकाराच्या तळाशी एका हातगाडीनं घेतलेला चावा. मी कमानी काढल्याच नाहीत. उजेडाचे ते तीन तुकडे काढले, हातगाडीच्या चाव्यासकट, आणि बाकी सगळं ब्रशपेननं काळं केलं. सात मिनिटं लागली. कमानी आपोआप उभ्या राहिल्या होत्या, आणि सरळ.

त्यानंतर समोरचा चहावालाही बोलायला लागला. तोवर तो मला नगरपालिकेची माणूस समजत होता. चार दिवसांनी वहीत डोकावून म्हणाला, “बेन, आ तो कालवाळुं ज छे ने!” म्हटलं, हो, कालचंच आहे. तो म्हणाला, मग मीही रोज कालचाच चहा करतो, आणि पैसे घेतले नाहीत.

६ जुलैला आषाढी, इथली देवपोढी अगियारस. मांडवीपाशीच्या विठ्ठलनाथजींचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, त्या दिवशी निघते. रविवार होता, पेढी बंद, तरी गेले. गर्दीत बसायला जागा नाही, भिंतीला टेकून उभ्यानं काढलं. माणसं काढलीच नाहीत, नुसती डोकी आणि छत्र्या, त्यांच्यावर तरंगणारी पालखी. बँडवाल्याचा धक्का लागला आणि पालखीला एक उभी रेघ बसली, ती तशीच आहे.

हे चित्र घरी सासूबाईंनी पाहिलं, आणि इथे माझा तिसरा संकल्प भलत्याच दारातून आत आला. तोवर त्या बाबतीत नुसती फजिती चालली होती. मी फोन रेकॉर्डिंगला लावून समोर ठेवला, की अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आमच्या आई पदर सारखा करून रेडिओवर बोलल्यासारख्या बोलायच्या. “श्रीमंत सयाजीराव महाराजांनी बडोद्यात सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं.” अहो आई, ते पुस्तकात आहे, तुमचं सांगा! “माझं काय सांगायचं? आम्ही साधी माणसं.” तीन महिन्यांत एक लेख झाला होता, आणि तो शाळेच्या निबंधासारखा.

पालखीचं चित्र मात्र त्यांनी हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. “हे काय, इथं पांढरं का सोडलंस?” म्हटलं, तिथून काही दिसत नव्हतं, छत्री आडवी आली. “इथं मी बसायची. बाबांच्या खांद्यावर. आणि माझी नवी चप्पल इथंच कुठं तरी पडली. बाबा शोधायला खाली वाकले तर मीच पडले त्यांच्या डोक्यावरून. घरी आल्यावर चपलेसाठी मार मला, पाडल्यासाठी बाबांना.” आणि हसायला लागल्या ते थांबेनात.

मी पेन घेऊन समासात लिहिलं: ‘चप्पल. बाबा.’ मग रोज संध्याकाळी त्यांना दिवसाचं चित्र दाखवायचं असं सुरू झालं. त्या पहिल्यांदा चूक काढत, या दुकानाला एवढ्या पायऱ्या नाहीत, ही खिडकी इकडं नाही, आणि चूक काढता काढता मागे कुठे तरी निघून जात. फोन नाही, प्रश्न नाही. मी भाजी निवडत ऐकायची आणि नंतर चित्राच्या कडेला दोन शब्द टिपायची. बारा लेख झालेच नाहीत. पण जुलै ते ऑक्टोबरमधल्या एकाही चित्राची कड कोरी राहिली नाही.

जलरंगाचं राहिलं. त्यात पैसे सगळ्यात जास्त गेले. पूर्ण आकाराचा, बावीस बाय तीस इंची, ३०० जीएसएमचा एक कागद आणला आणि त्याची किंमत आठवून महिनाभर त्याला हातच लावला नाही. शेवटी धीर करून त्याचे चार तुकडे केले. भीतीही चौथाई झाली. पहिल्या तुकड्यावर साध्या जेल पेननं सूरसागर तलाव आणि काठचं म्युझिक कॉलेज काढलं, बारकाईनं, घुमटांसकट, दोन संध्याकाळी खर्चून. त्यावर आकाशाचा निळा हात फिरवला आणि पेनाची शाई सुटली. घुमट तलावात विरघळून गेले. शाई वॉटरप्रूफ असते की नसते हे पेनावर लिहिलेलं असतं, ते दुकानात वाचावं.

दुसरा तुकडा मेमध्ये घालवला. सपाट वॉश, म्हणजे पातळ रंगाचा एकसारखा हात, द्यायचा तर पाटी थोडी तिरपी धरायची, प्रत्येक फटकाऱ्याच्या खालच्या कडेला रंगाचा थेंब साचतो, तो ओला असतानाच पुढच्या फटकाऱ्यानं खाली ओढत न्यायचा. बडोद्याच्या मे महिन्यात तो थेंब ओला राहातच नाही. माझ्या आकाशाला चट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आला. तिसऱ्यावर उजेडासाठी पांढरा रंग वापरला आणि चित्र चुना लावल्यासारखं मेलं. जलरंगात पांढरं म्हणजे सोडलेला कागद, हे मला मांडवीवरून कळायला हवं होतं. पण हाताला कळलेलं डोक्यापर्यंत यायला वेळ लागतो.

चौथा तुकडा सप्टेंबरात, दमट हवेत, जमला. बरा जमला. सूरसागरातला महादेवाचा सोनेरी पुतळा मी गाळला, त्यावर शेजारच्या भाभींची नाराजी आहे. फ्रेम करून भिंतीवर लावला. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ रंगाच्या दोन हातांखालूनही पुसट दिसते, तिच्यापासून हातभर वर खिळा ठोकला. वह्या आता माळ्यावर असतात.

धनतेरशीला न राहवून मोजलंच. आडवी मारलेली चौदा सोडून ७९. त्यातल्या ४३ मांडव्या.

२२ ऑक्टोबरला पाडवा झाला. शेठनी यंदा न मागता चोपडी दिली. फराळाची आवराआवर झाल्यावर मी त्या ४३ मांडव्या खालच्या खोलीत सतरंजीवर ओळीनं मांडल्या. आई खुर्चीत बसून बघत होत्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटलं आता कौतुक येणार.

“सगळ्या लहेरीपुऱ्याकडनंच गं,” त्या म्हणाल्या. “माझं माहेर वाडीतलं. आम्ही गेंडीगेटकडनं यायचो. मला ती अशी कधी दिसलीच नाही.”

मी ‘श्री’ लिहून पेन खाली ठेवलं. गेंडीगेटकडून म्हणजे दक्षिणेकडून. सकाळी तिथे ऊन उजव्या बाजूनं येईल, कमानीतून समोर येणार नाही. संध्याकाळी पेढी सुटल्यावर गेलं तर डावीकडून. पण तेव्हा दुकानं उघडी, ओटा रिकामा मिळायचा नाही. आणि उभ्यानं काढायचं तर हातगाड्यांच्या मधे. परवा स्कूटर तिकडून नेऊन बघून आले. एका भांड्याच्या दुकानासमोर विजेचा खांब आहे, त्याला टेकता येईल असं वाटतं.